आठ दिवसांत दुप्पट दूध

आज सकाळी मला कोरा चहा प्यावा लागला. या राष्ट्रीय आपत्तीची कुणीच दखल घेईना, म्हणून मीच चौकशीला निघालो.

आम्हाला दूध घालणाऱ्या सरूबाईंनी 'आठ दिवसांत दुप्पट दूध'वाली पावडर म्हशीला चारली. दुप्पट सोडा, दूध निम्म्यावर आलं. त्यांचं घर त्याच दुधावर चालतं.

त्यांना घेऊन ती पावडर विकणारं पाटोद्याचं दुकान गाठलं. मालक म्हणाला, "जाहिरात कंपनीची हाय. मी निस्तं विकतो."

मी म्हणालो, "मग पक्कं बिल काढ."

"आपल्या माणसाला कावून पक्कं? टॅक्स वाचावा म्हणून चिठ्ठीवर दिलं की!"

सरूबाई उसळल्या, "उद्या तुला दुधाऐवजी चिठ्ठीच घालते. पी!"

आपल्याकडे लुटायच्या आधी 'आपला माणूस' करून घेतात. बिल हातात येईपर्यंत मी हललो नाही. मग बिल आणि डब्याचा, जाहिरातीचा फोटो जोडून सरूबाईंच्या नावानं मोबाईलवरूनच ग्राहक आयोगाकडे तक्रार टाकली. वकील लागला नाही. तुमच्या घरात किती पक्की बिलं आहेत? खरं सांगा.

आणि हो, ती जाहिरात गावाच्या ग्रुपवर मीच टाकली होती. आत्ता तिथं लिहिलं, 'ती खोटी आहे. सरूबाई, चूक माझी.'