धोंडुबाईचे सुकतळे

धोंडुबाई दवाखान्यात दाई होती. शुक्रवार पेठेतल्या कुठल्याही बोळातून बोलावणं आलं, की पांढरे कॅनव्हासचे बूट पायात सरकवून निघायची. छप्पन्न साली नोकरी संपली, तेव्हा केस पार पिकले होते. मग हळूहळू तळवे बधिर झाले. चार घरं ओलांडेपर्यंत पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. दुपारभर ती घराच्या पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून बसायची आणि डोळे मिटून मनातल्या मनात चालायची. बोळ संपायचे नाहीत, पाय मात्र पिसासारखे हलके असायचे.

तिचा नवरा सयाजी टांग्याच्या घोड्यांचा साज शिवायचा. एके दिवशी त्यानं तिचे बूट उचलले. साजाखाली घालायचा नमदा, म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर, पायाच्या मापानं कापला आणि त्याचे सुकतळे करून बुटांत तळाशी बसवले.

"घाल बघू."

"काय कोंबलंय ह्यात?"

"नमदा हाय. घोड्याच्या पाठीला सोसतोय, तुझ्या पायाला न्हाय व्हय सोसायचा?"

ती निघाली. पाऊल कापसात बुडावं तसं बुडत होतं. जमीन कुठंतरी लांब खाली राहिली होती. मौज वाटली, पण वळणावर तोल गेला आणि तिनं भिंत धरली. पोटऱ्या थरथरत होत्या.

"आवं, लई मऊ झालंय," घरी येऊन ती म्हणाली. "पाय कुठं पडतोय त्येच कळंना. सावरता सावरता पोटऱ्यांचा जीव गेला."

सयाजीनं मान डोलावली. "व्हय की. गादी लई फुगली की साज डुलतोय, आन् घोडं उगंच अंग आखडून चालतंय."

त्यानं नमद्याचा निम्मा थर सोलून काढला. उरलेला ठोकून घट्ट केला आणि मेणाच्या दोऱ्यानं वरून बारीक गाठी मारल्या.

"टोचतंय वो."

"टोचू दे जरा. पायाला जाग येईल."

संध्याकाळी ती पुन्हा निघाली, मागोमाग सयाजीही. आणि खरंच जाग आली. फरशी, मग माती, मग खडी, सगळं तळव्यांना कळायला लागलं. पोटऱ्या लागेल तेवढाच ताण घ्यायच्या आणि सोडून द्यायच्या. एक दार मागं गेलं. इथं तिच्या हातून जुळी झाली होती. पुढच्या घरी पहाटे तिला गूळपाणी दिलं होतं. बोळ एकेक करून तळव्यांतून वर येत होते. रंकाळ्याच्या तळ्यावर पोचली तेव्हा पाणी जांभळं झालं होतं. आपण अजून सोप्यातच डोळे मिटून बसलोय की काय, असं तिला वाटलं. तिनं टाच दाबून पाहिली. खडा लागला. ती एकटीच हसली.

मागून येणारा सयाजी धापा टाकत कट्ट्यावर टेकला. "आगं, बस की जरा."

"तुमी बसा. मी त्या कोपऱ्यापतोर जाऊन येते."

पुढं पावसाळ्यात नमदा कुजायचा, सयाजी नवा घालायचा. पोटऱ्या अधूनमधून दुखायच्याच, वय थोडंच थांबतंय! पण त्या संध्याकाळी ती कोपऱ्यावर थांबलीच नाही. पाण्याच्या कडेकडेनं, वाऱ्यात पदर सोडून, सावकाश पुढं जात राहिली.