खापरपणजीची शिवी

बाईंनी संहितेचं पहिलं पान वाचलं आणि चष्मा नाकावरून घसरला. दुसरं वाचलं आणि त्यांनी उठून दाराला कडी आहे ना ते पाहिलं.

आता बाई म्हणजे कोण? तर बावीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचलेली बाई. पूर येवो, सरकार पडो, बाईंच्या आवाजाची इस्त्री कधी मोडली नाही. घरात साधं "च्यायला" म्हणायची सोय नव्हती, कारण नवरा मुद्रितशोधक. चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि घरी आल्यावर बायकोच्या. बातम्या वाचून बाई घरात पाऊल टाकतात न टाकतात तोच, "आज आचार्यांचे आचारी केलेस तू! गुरुजींच्या हाती झारा दिलास!" चांगलं वाचलं तर मात्र चकार शब्द नाही. का, तर "बरोबर असेल तिथं खूण करायची नसते." हे त्यांचं ब्रह्मवाक्य. पस्तीस वर्षांच्या संसारात बाईंच्या वाट्याला 'बरोबर' हा शब्द आला नाही तो नाहीच.

असला हा माणूस दहा महिन्यांपूर्वी डोक्यात रक्ताची गाठ होऊन जो मुका झाला तो झाला. समजायचं सगळं, हात चालायचा, पण तोंडातून शब्द फुटेना. वाचा शिकवायला येणाऱ्या ताईंनी परवा जाताना दारात हळूच सांगितलं, "वर्षाच्या आत काही आलं तर आलं. नंतर फार कठीण असतं, बाई." बाईंनी कविता वाचून दाखवल्या, जुनी पत्रं वाचली, अगदी लग्नाआधीचीसुद्धा. हे आपले भिंतीकडे बघत बसलेले. दोन महिने उरले होते. बाईंना घास गोड लागेना.

त्यात हे काम आलं. एका परदेशी ॲनिमे मालिकेला, म्हणजे मोठ्यांच्या कार्टूनला, मराठी आवाज द्यायचा. काय तर म्हणे, जग बुडालंय, पेट्रोल संपलंय आणि उरलेसुरले गुंड मोटारसायकलींवर बसून लढताहेत. त्या चालतात कशावर? पोटातल्या वायूवर! बाईंना वाटलं, आपलीच नजर चुकली. पुन्हा वाचलं. तेच होतं. बाईंची भूमिका होती नव्वद वर्षांच्या, बोळक्या तोंडाच्या टोळीप्रमुखाची. तिचं नाव खापरपणजी. कचऱ्याच्या गाडीवर उभी राहून ही खापरपणजी शत्रूवर ओरडते, "अरे पादऱ्या पावट्या!"

"बदलता नाही येणार?" बाईंनी स्टुडिओत विचारलं.

"नाही हो बाई," दिग्दर्शक म्हणाली. बाईंच्या लेकीच्या वयाची पोरगी ती. "चित्रात म्हातारीचे ओठ दोनदा मिटतात. दोन्ही शब्द 'प'चेच लागणार."

बाईंनी अकरा वेळा म्हणून पाहिलं. अकराव्या खेपेला पोरीने कपाळावर हात मारून घेतला. "बाई, शिवी देताय की आशीर्वाद? उद्या तरी जरा पोटातून येऊ द्या!"

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून सराव सुरू झाला. समोर हे. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर शुद्ध बोलत आलेल्या या माणसाला आता उलट बोलता येत नाही, आणि आपण त्याला हे ऐकवायचं? पण इलाज नव्हता. घरात दुसरं कुणी नसताना यांना एकटं सोडून दुसऱ्या खोलीत जायचा त्यांचा धीर होत नसे.

लिहिलंय तसं वाचायची बाईंची जुनी खोड. आणि टंकणाऱ्याने लिहून ठेवलं होतं 'पादर्या', 'आचार्य'मधल्यासारखं, 'र'चा रफार करून. बाईंनी ते तस्संच, घडी न मोडता म्हटलं, "अरे पादर्-या पावट्या!" पुन्हा म्हटलं. पुन्हा.

सातव्या वेळी समोरची खुर्ची करकरली.

"पा... पादऱ्या!"

आवाज फाटका, गंजलेला, पण यांचाच! त्यांच्या मनात पहिला विचार आला तो, अगंबाई, मला शिवी दिली! पस्तीस वर्षांत कधी 'वेडे'सुद्धा म्हणाले नाहीत, आणि आज हे? तेवढ्यात यांनी पान हिसकावून घेतलं आणि रागारागाने त्या 'र्या'वर बोट आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. इथं 'ऱ्या' हवा! ढळढळीत चूक, आणि बायको ती दिवसाढवळ्या वाचत सुटलेली!

"अहो," बाई टेबलावरून पुढे वाकल्या, "पुन्हा म्हणा."

"पादऱ्या," कपाळाला आठ्या घालून हे म्हणाले. मठ्ठ पोरीला सांगावं तसं.

बाई हसायला गेल्या आणि हमसून हमसून रडायलाच लागल्या. डोळे न पुसताच त्यांनी ताईंना फोन लावला.

"बोलले! हे बोलले!"

"काय सांगता! काय बोलले?"

बाईंनी खिडकीकडे पाहिलं.

"बाई, शब्द सांगा ना. मला लिहून ठेवायचाय."

ती सताड उघडी होती. पलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती. गेली उडत, म्हणाल्या बाई मनात, आणि पोटातून अशा काही गरजल्या, "पादऱ्या पावट्या!"

शेजारणीच्या हातातला चिमटा खाली पडला.

आणि बाईंच्या पाठीमागून हे म्हणाले, "ब... बरोबर."