नवसाच्या तराजूतली वजनं

एका महिन्यात गावातली सगळीच्या सगळी मुलं वजनानं घटली होती. चावडीच्या ओसरीवर रजिस्टर मांडीवर घेऊन मी तिसऱ्यांदा ताळा केला. बेरीज-वजाबाकीत चूक नव्हती. कुणी अर्धा शेर घटलं होतं, कुणी पाऊण. एक पोरगं तर पुरते दोन शेर. खरं म्हणजे मला काळजी वाटायला हवी होती. झाला आनंद. मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला वाटलं, आपल्याला शोध लागला.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची काही वर्षं. मी नांदेडचा, हैदराबादेत शिकलेला. आमच्या प्रोफेसरसाहेबांनी विद्यापीठातर्फे एक पाहणी काढली होती. घरात धान्य असताना लहान मुलं किती वाढतात आणि ते संपत आलं की त्यांचं काय होतं, हे वजन करून बघायचं. त्यासाठी त्याच त्या मुलांना दर महिन्याला तोलावं लागतं. एकदाच तोललं तर वजन कळतं, वाढ कळत नाही. मला उमरीजवळचं एक गाव दिलं होतं. काम धड झालं तर विद्यापीठात कायमची नोकरी मिळणार होती. नांदेडात वडील ती लागलीच म्हणून सांगत सुटले होते, कारण त्यांना तसं मीच सांगितलं होतं.

पाहणीत भाग घेणाऱ्यांना आता पार्टिसिपंट म्हणतात. मी त्यांना तेव्हा अडाणी बाया म्हणत असे, अर्थात मनातल्या मनात. आल्या आल्या मी चावडीच्या भिंतीवर सुबक उर्दूत इश्तिहार लावला, की दोन-तीन वर्षांच्या मुलांना घेऊन यावे. गावात उर्दू वाचणारे दोघंच, पटवारी आणि मी. आठ दिवसांत एकही मूल आलं नाही. शेवटी मी गंगामायकडे गेलो. ती गावची सुईण. गावातलं झाडून सगळं पोर तिच्याच हातावर आलेलं.

"माय, बाया लेकरं का आणत नाहीत?"

"तोललं की नजर लागती. लेकरू वाळतं. कोन आनील?"

"म्हणजे कधीच तोलत नाहीत?"

"नवसाला तोलतेत की. मारुतीम्होरं. लेकराच्या भाराची जवारी देवाला घालायची."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असा उजेड पडला की मी हमखास काहीतरी गोंधळ करतो, हे पुढं बायकोनं पुष्कळदा दाखवून दिलं. तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. मी पाटलांना गाठलं, आणि ठरलं की गावातल्या लहान मुलांचा सगळ्यांनी मिळून नवस फेडायचा. सुगी नुकतीच झालेली, घरोघर ज्वारी होती. शनिवारी मारुतीपुढं मोठा तराजू टांगला. एका पारड्यात मूल, दुसऱ्यात त्याच्या आईनं आणलेली ज्वारी. मूल उतरलं की मी ती ज्वारी लोखंडी वजनांनी तोलायचो आणि आकडा मुलाच्या नावापुढं लिहायचो. तीस मुलं झाली. वर भंडाऱ्याच्या कण्या आणि वरण मी दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या महिन्यात तर काहीच अडचण आली नाही. मुलं देवाच्या तराजूत बसून आलेली, आता त्यांना कसली नजर? मी सरळ लोखंडी वजनांनी तोललं. तेच ते घटलेले आकडे. सुगी होऊन महिनाच झालेला, घरात दाणे आहेत, पोरं अंगणात धुडगूस घालतायत, हे सगळं मला दिसत होतं. तरी मी आठ पानी अहवाल लिहून हैदराबादेला धाडला. कारण म्हणून उन्हाळा दिला.

चौथ्या दिवशी प्रोफेसरसाहेब औषधांची पेटी घेऊन उमरी स्टेशनवर उतरले. ते मुळात डॉक्टर. माझी पोस्टकार्डं ते सावकाश वाचत, अहवाल मात्र त्यांनी लगेच वाचला होता. चावडीवर मुलं जमवली, गंगामायही आली. त्यातलं एक त्यांच्या पेटीवरच चढून बसलं.

"बरखुरदार, ये वही बच्चे हैं?"

"जी."

"ये सूख गए हैं?"

त्यांनी रजिस्टर मागितलं आणि पहिलं वजन कसं घेतलं ते विचारलं. मी नवसाची हकिगत जरा ऐटीतच सांगितली. साहेबांनी गंगामायकडं पाहिलं. "अम्मा, जवारी बराबर तोली थी?"

"बराबर?" गंगामाय हसायलाच लागली. "नवसाला कुनी बराबर तोलतं का, साहेब? द्येवाचं पारडं भुईला टेकलं पायजे. त्यो काय बाजार हाय?"

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी चिडून विचारलं.

"तुमी इचारलं कवा? तुमी तर लिहून राहिले हुते."

तीसच्या तीस वेळा पारडं भुईला टेकलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. पहिल्या महिन्यात मी मुलांचं वजन लिहिलंच नव्हतं, देवाला घातलेली जास्तीची ज्वारी लिहिली होती. कायमची नोकरी मला गोदावरीत बुडताना दिसली, आणि मागोमाग वडिलांचा चेहरा. लाज इतकी वाटली, की निदान चूक आपल्या हातानं खोडावी म्हणून मी तांबडी शाई काढली.

साहेबांनी माझा हात धरला. "ठहरो. सबसे ज्यादा किसका घटा?"

"काशीबाईच्या किशनचं. दोन शेर."

काशीबाई दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायची. सुगीत मिळालेली ज्वारी हेच तिचं वर्षाचं धान्य. आम्ही गेलो तेव्हा किशन दारात बसला होता. आमच्याकडं बघितलं, पण हलला नाही. साहेबांनी त्याच्या पोटावर हात ठेवला, डाव्या बरगडीखाली दाबून पाहिलं. जुना हिवताप, प्लीहा वाढलेली. दोन्ही वेळा त्याला उचलून पारड्यात मीच ठेवलं होतं.

"कधीपासून ताप येतो?" मी विचारलं.

"तीन म्हैनं झालं. तुमी तोललं तवाबी अंग तापलंच हुतं."

"अहो, मग बोलायचं नाही का?"

"तुमाला कशाला बोलू? द्येवाला बोलले की. म्हनून तर वंजळी वंजळीनं जास्ती घातली."

मी आत डोकावलं. तिच्या घरात ज्वारीची एकच कणगी होती, तीही अर्धी.

साहेबांनी क्विनाइन काढलं, मात्रा समजावून दिली. मग चावडीवर येऊन मला नवी यादी करायला लावली. ज्याचं वजन जास्त घटलेलं, म्हणजे ज्याच्या आईनं देवाला जास्त ज्वारी घातलेली, ते वर. वरच्या पाच घरांत आम्ही फिरलो. किशन धरून तीन मुलं आजारी निघाली. खालची पोरंही साहेबांनी तपासली, त्यांना काही झालेलं नव्हतं. पहिला रकाना रद्द झाला, पण साहेबांनी तो खोडू दिला नाही. किशन पावसाळ्यापर्यंत हिंडूफिरू लागला. माझी नोकरी एक वर्ष लांबली, आणि ते वर्षभर मी वडिलांची नजर चुकवून जेवलो.

पुढं तीस वर्षं मी अशाच पाहण्या केल्या. तराजू सुधारले, फॉर्म लांबले. पण मूल तोलायच्या आधी मी आईला विचारत असे, की या लेकराची काही काळजी वाटते का. फॉर्ममध्ये त्याला रकाना नसायचा. मी समासात लिहीत असे आणि आधी समास वाचत असे.