आमच्या वर्गाचं गाऱ्हाणं

तोंडाची मी पहिल्यापासून फटकळ. वाडीतल्या मोठ्या बायकाही माझ्या तोंडाला लागत नसत. पण नववीत वाचनाच्या तासाला मास्तरांनी उभं केलं, की माझी दातखीळ बसायची. घरी तोच धडा मी घडाघडा वाचायची. वर्गात मात्र पहिलं वाक्य संपलं की जी शांतता पडायची, ती मला खायला उठायची. सगळे माझ्या पुढच्या चुकीवर टपून बसलेत असं वाटायचं आणि समोरची अक्षरं दिसेनाशी व्हायची.

शेवटी एके दिवशी आईला सांगून टाकलं, "माका शाळेत जावचा नाय."

आई अंगणात कोळंबी वाळत घालत होती. "मगे काय हयसर कावळे हाकीत बसतलस?" ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत जा. मगे बघूया."

त्याच आठवड्यात मी पुन्हा अडकले. मागच्या बाकावरून एका द्वाड मुलाने हेल काढून आरोळी ठोकली, "व्हय म्हाराजा!" आमच्याकडे देवळात गावकार, म्हणजे गावचा मानकरी, सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक मागणीनंतर जमलेला गाव अशी ओ देतो. वर्ग खो खो हसला. पाटी हाताशी असती तर मी त्याच्या डोक्यात घातली असती. मास्तरांनी छडी उचलली, पण मारली नाही. तेही आमच्याच गावचे. जरा थांबून म्हणाले, "छान! आता हिच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी ओ द्यायची. कोणी गप्प राहिला तर छडी त्याला."

मला आधी रागच आला. चांगली थट्टा मांडलीय माझी, असं वाटलं. पण पुढचं वाक्य कसंबसं संपलं आणि सगळा वर्ग गरजला, "व्हय म्हाराजा!" तेवढ्यात मला श्वास घेता आला. ती मेली शांतता उरलीच नाही. गावकारही मध्ये दम घेतो आणि त्याला कोणी हसत नाही, हे मला तेव्हा उमजलं. शेजारच्या वर्गातून तक्रारी आल्या, तरी मास्तरांनी हे चालू ठेवलं. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्या द्वाड मुलाचेही.

दिवाळीच्या तोंडावर मास्तरांनी शाळेच्या कपाटातलं एक गोष्टींचं पुस्तक माझ्या हाती दिलं. प्रत एकच, त्यामुळे पुढे काय आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. गोष्ट वादळात सापडलेल्या गलबताची होती. मी वाचत होते, ओ मिळत होती. डोलकाठी मोडली, पाणी आत शिरलं. वाक्य संपवून मी थांबले, तर कोणी ओ दिली नाही.

काय चुकलं म्हणून घाबरून वर पाहिलं, तर सगळे माझ्याकडे टक लावून बसलेले.

"थांबलस कित्याक गो?" मागच्या बाकावरचा तो मुलगा ओरडला. त्याचा बाप बोटीवर नोकरीला होता. "फुडे वाच! माणसां किनाऱ्याक लागली काय नाय?"

मी वाचत सुटले. मध्ये कोणीच काही बोललं नाही, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नाही. दिवाळी झाल्यावर, आईने विचारायच्या आधीच, मी शाळेची वाट धरली होती.