सय्यद मामांची जास्तीची गोणी

दहा फेब्रुवारी, मंगळवार. कुरकुंभच्या एका केमिकल युनिटमध्ये मी आठवड्यापूर्वी दुरुस्त केलेली स्क्रिप्ट पुन्हा तपासायला गेले होते. खरं म्हणजे तपासायला नाही. ती बरोबर आहे, असं सांगायला.

शिरूरहून निघून न्हावरा, चौफुला करत पोचेपर्यंत साडेदहा झाले. प्लान्ट मॅनेजर गायकवाड सर समोर एक कागद ठेवूनच बसले होते. सय्यद मामांचा मेमो. मामा दौंडचे, सांडपाणी विभागातले सगळ्यात जुने ऑपरेटर. सही झाली की त्यांची बदली गेटवर, नोंदवही लिहायला.

"चार दिवसांत तीन टाक्या बिघडल्या," सर म्हणाले. "कॉम्प्युटर सांगतो ४.७ आणि मामा टाकतात सहा गोण्या. वय झालं, दुसरं काय?"

आम्ल असलेलं सांडपाणी पुढे सोडण्याआधी त्यात चुना मिसळतात. चुना कमी पडला तर पाणी आम्लच राहतं, जास्त पडला तर उलट्या टोकाला जातं. दोन्ही वेळा टाकी अडकते आणि मागचं काम थांबतं. किती गोण्या टाकायच्या, ते स्क्रिप्ट सांगते. स्क्रिप्ट म्हणजे छोटा प्रोग्रॅम. लॅबचा आकडा द्यायचा, गोण्यांचा आकडा घ्यायचा.

ही स्क्रिप्ट पायथन नावाच्या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेली होती. जुना कॉम्प्युटर बंद पडला, नव्यावर तिसरी आवृत्ती आली. भाषा तीच, पण काही नियम बदललेले. आकडा स्क्रीनवर छापायच्या ओळींवरच स्क्रिप्ट अडायची. मी त्या ओळी सुधारल्या. ती चालली. मी घरी गेले.

मामांना भेटायला चुन्याच्या खोलीत गेले. तिथे साहेबलोक जात नाहीत, कपडे खराब होतात.

"मामा, ४.७ आल्यावर सहा कशा टाकल्या?"

"पाऊण गोणी कोण मोजत बसतंय? पाच धरल्या. आन् वरची एक."

"वरची कुठली?"

मामांनी भिंतीकडे बोट केलं. पंपाच्या वर ऑइलपेंटने ठळक लिहिलं होतं: +१.

"तुमचं ते मशीन पहिल्यापासनं कंजूस हाय, म्याडम. सांगंल त्यात एक घालायचीच. तिन्ही शिफ्टला ठावं हाय."

"मग वर कुणाला सांगितलं का नाही?"

"इचारलं कुणी?"

मला राहवेना. तिथेच पालथ्या बादलीवर बसून लॅपटॉप उघडला. त्यात दोन्ही आवृत्त्या ठेवलेल्या असतात. जुन्या स्क्रिप्टला विचारलं, लॅबचा आकडा ४७, भागिले १०? उत्तर आलं ४. नवीला तेच विचारलं. उत्तर ४.७.

दुसऱ्या आवृत्तीत पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गुपचूप गळून जायचा. तिसरीत तो राहतो. म्हणजे स्क्रिप्ट इतकी वर्षं चुकत होती, आणि ती चूक ही माणसं रोज एकेक गोणी खांद्यावर वाहून भरून काढत होती. मी नकळत स्क्रिप्ट सुधारली. भिंत सुधारायची राहिली.

"बघा, खरंच कंजूस होतं," मी मामांना म्हटलं.

"मंग! मी काय येडा हाय व्हय?"

आता आकडा वरच्या पूर्ण गोणीवर नेणारी एक ओळ घातली. ४.७ आले तर स्क्रीनवर थेट ५. दुपारची टाकी भरली. स्क्रीनने पाच सांगितल्या. मामांचा हात सवयीने सहावीकडे गेलाच.

"मामा!"

"ठेवली, ठेवली."

तासाभराने मीटरने पाणी पास केलं. गायकवाड सर स्वतः खाली आले, पहिल्यांदाच. पँटवर चुना उडाला. भिंत वाचून त्यांनी विचारलं, "हे कधीचं आहे?"

"तुमच्या आधीचं," मामा म्हणाले.

सरांनी मेमो खिशातून काढून फाडला. टाक्या बिघडल्याच्या रिपोर्टात कारण म्हणून मी माझं नाव लिहिलं. थिनरचा बोळा घेऊन मामांनी +१ पुसायला घेतलं. पेंट जुना, अर्धा तास लागला.

मी शिकले ते इतकंच. स्क्रिप्ट चालते का, हे विचारणं निम्मं काम. तिचा आकडा आल्यावर माणूस काय करतो, हे उरलेलं निम्मं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच महिन्यात ज्या तीन ठिकाणी मी स्क्रिप्ट बदलून दिल्या होत्या, तिथे फोन लावले. मॅनेजरला नाही, ऑपरेटरला. पहिलाच फोन कोरेगाव भीमाच्या एका वर्कशॉपमध्ये.

"आकडा आल्यावर तुम्ही काय करता हो?"

"काय न्हाई म्याडम, त्यातनं दोन कमी करतो. कायमचंच हाय ते."

चहा तसाच ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली.