उपाशी ठेवायचं नाही असं बाळ

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी आम्ही लोधिवलीला राहत होतो. नवरा मोहोपाड्याच्या कारखान्यात कामाला. आठवा महिना लागला आणि माझ्या पोटात पाणीही ठरेना. डोळे पिवळे झाले. सासूबाई म्हणाल्या, "कावीळ हाय, पाला देऊ." नवऱ्याने मात्र शेजाऱ्यांचा टेंपो काढायला लावला आणि मला पनवेलला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी वाट न बघता त्याच दिवशी सुटका केली. मुलगा झाला. जीव एवढासा, पण आवाज सगळ्या वॉर्डाला पुरेल असा! माझी कावीळही हळूहळू उतरली.

घरी आल्यावर निराळंच सुरू झालं. पोरगा जास्त वेळ झोपला की मान टाकायचा, अंग गार पडायचं. साखरेचं पाणी चमच्याने पाजलं की डोळे उघडायचा. शेवटी त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. बरोबर सासूबाई, आणि कर्जतहून आलेली माझी आई.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "याच्या शरीराला चरबीतून ताकद काढता येत नाही. पोट रिकामं राहिलं की साखर उतरते. जन्मजात आहे, घराण्यातून आलेलं."

झालं! सासूबाई उसळल्या, "आमच्यात असं कुनाला नाय. ह्ये कर्जतकडचं."

"आमची पोरं धडधाकट हायेत," आई म्हणाली. "तुमचंच बघा कायतरी."

डॉक्टरांना हसू आवरेना. "आजी, एकाच बाजूने आलं असतं तर याला काहीच झालं नसतं. दोन्हीकडून आलं, म्हणून झालं."

मग सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे निम्मं तुमचं, निम्मं आमचं."

"तसंच दिसतंय, विहीणबाई," आई म्हणाली, आणि दोघींनी तिथेच बाकावर फडकं सोडून भाकरी खाल्ली. तोवर मी रडत होते. त्यांना तशा जेवताना पाहून मलाही भूक लागली.

औषध एकच होतं, उपाशी ठेवायचं नाही. मऊ भात, पेज, केळं, सारखं काहीतरी चालूच. गावात जो भेटेल तो विचारायचा, "खाल्लंस का रं?" शाळेत गुरुजींनी त्याला वर्गात डबा उघडायची मुभा दिली. या मुलाने तिचा पुरेपूर फायदा घेतला. लग्नघरी जिलेबीचं ताट दिसलं की लगेच, "आई, मला चक्कर येतेय गं."

मुलीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीपासून माझ्यावर नजर ठेवली. काही झालं नाही. मुलगी वेळेवर आली, गुटगुटीत.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरांनी सांगितलं, की माझ्या पहिल्या वेळच्या काविळीचं मूळ बहुधा पोटातल्या बाळाच्या दोषातच असावं. मी मुलाला म्हटलं, "ऐक, जन्मायच्या आधीपासून छळलंस मला."

"निम्मा दोष तुझा आहे," तो म्हणाला. "जेवायला वाढ आता."