इंजिन चालू होतं

"बाबी गेलो," मालवणच्या स्टँडवर आमच्याच वाडीतला एक कंडक्टर मला म्हणाला, आणि मी गाढवासारखं विचारलं, "खंय गेलो? मुंबैक?" तो तिकिटांची पेटी उगाच उघडत-मिटत राहिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या मालवणीत बाजारात गेलेलाही 'गेलो' आणि कायमचा गेलेलाही 'गेलो'. पण चाळिशी न गाठलेल्या, परवापरवा माझ्या पाठीत धपका घालून खो खो हसलेल्या माणसाबद्दल तो शब्द त्या अर्थाने कुणी कसा काय वापरतो? काही आठवडे उलटले. अजून तो शब्द कानावर पडला की मला राग येतो. कुणाचा, ते विचारू नका... मलाही ठाऊक नाही.

बाबी खाडीकाठचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. त्याचे वडील आणि थोरला भाऊ एकाच होडीतून गेले आणि परतले नाहीत. त्याच्या आईने, आम्ही तिला जिजीकाकी म्हणतो, घरात उरलेलं एकुलतं वल्हं फोडून चुलीत घातलं आणि साऱ्या वाडीला ऐकवलं, "दर्याक माझ्याकडसून आता कायेक गावचा नाय!" दर्याला ती आता काहीच देणार नव्हती, म्हणून बाबी मुंबईला गेला, एका वर्कशॉपात डिझेल इंजिनाचं काम शिकला. मसुऱ्याकडून डोंगर कापून आमच्या वाडीपर्यंत रस्ता आणायचं ठरलं, तेव्हा कंत्राटदाराने लढाईत वापरलेला एक म्हातारा बुलडोझर आणला. त्याच्यावर बसून बाबी गावी आला. मी त्या कामावर मुकादम. एकाच शाळेत मार खाल्लेले आम्ही दोघे, पुन्हा एकत्र आलो.

इतर बायका तिन्हीसांजेला किनाऱ्यावर उभ्या राहून शीड दिसतंय का बघत. जिजीकाकी परसात मासे साफ करत डोंगराकडे कान लावून असायची. जांभा फोडतानाचा तो धडधडाट दिवसभर खाली वाडीत ऐकू यायचा. आम्ही वैतागायचो, तिला मात्र त्याच्याशिवाय चैन पडत नसे. "इंजिन चालता म्हणजे झील आसा," आवाज आहे तोवर मुलगा आहे, असा तिचा सरळ हिशेब. संध्याकाळी आवाज थांबला की ती आंघोळीचं पाणी तापत ठेवी. पाच-सात वर्षं हे असंच चाललं होतं.

एकदा मात्र भर सकाळी आवाज बंद पडला आणि परत येईना. स्टार्टर मारला की इंजिन नुसतं फिरे, धुराचा पत्ता नाही. मी आपला बॅटरीला शिव्या घालत होतो. बाबी म्हणाला, "बोंब मारू नको. धूर नाय, म्हणजे डिझेल पोचत नाय. खंय अडकला ता बघूया." त्याची रीत ठरलेली होती. आधी टाकी, मग टाकीखालची तोटी, मग फिल्टर, शेवटी पंप. कालच टाकी भरली असली तरी सुरुवात टाकीपासूनच. झाकण उघडून त्याने नाक आत घातलं आणि मागे सरला. "ह्या कोणी घातल्यान?" डिझेल मालवणहून होडीने यायचं, डबे खाडीकाठी उतरायचे. तिथेच होड्यांच्या फळ्यांना चोपडायचं तारली माशांचं तेलही डब्यांत भरून ठेवलेलं असे. मी एका गड्याला 'तेल आण' म्हटलं होतं आणि आमच्याकडे तेल म्हणजे तारल्यांचंच, त्या बिचाऱ्याने इमानाने तोच डबा टाकीत ओतला! "हेका होडी समाजलस काय रे?" बाबीने त्याला विचारलं आणि तो स्वतःच पोट धरून हसायला लागला.

टाकी पूर्ण रिकामी केली, फिल्टर धुतला, नळ्या फुंकून साफ केल्या. नवं डिझेल भरून तो फिल्टरवरचा नट सैल करून हातपंप मारत बसला. बुडबुडे येत राहिले. "होडीक वारो होयो, हेका वारो नको," तो सांगत होता. नळीत हवा राहिली की इंजिन उचलत नाही, असं त्याचं म्हणणं. तेवढ्यात जिजीकाकी डोंगर चढून आली. घामाने निथळलेली, पदर कुठे, भान कुठे... "आवाज येय ना म्हणान इलंय," एवढंच तिला बोलता आलं. "आये, मी बरो आसंय. मशीन आजारी आसा," बाबी म्हणाला. ती तिथेच दगडावर बसली, बुडबुडे थांबून इंजिन धडाडून उठेपर्यंत हलली नाही. त्या दिवसापासून रोज काम सुटल्यावर टाकी काठोकाठ भरल्याशिवाय तो खाली उतरत नसे. समुद्राकाठची हवा, रिकाम्या टाकीत रात्री पाणी साचतं. "टाकी सुकली तर माझा नाव बदल," असं तो घरी आईसमोरही म्हणायचा.

तो गेला तो बाजाराचा दिवस. गडी सुटीवर, मी मालवणला. बाबी एकटाच वर सपाटी करत होता. तिन्हीसांजेला आवाज थांबला, काकीने पाणी तापत ठेवलं. पाणी उकळलं, बाबी आला नाही. शेजारचे वर गेले तेव्हा तो सीटवर, मान छातीवर टेकलेली. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. संध्याकाळीच गेला असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो.

नवा ऑपरेटर आला, देवगडकडचा पोरगेला माणूस. मशीन सुरू होईना. धूर नाही. मी यंत्रासारखा म्हणालो, "आधी टाकी बघ." त्याने काठी आत घातली. ती खडखडीत कोरडी वर आली. सुकी टाकी? बाबीची? मी काठी त्याच्या हातातून घेऊन पुन्हा आत घातली. इंजिन कुणी बंद केलंच नव्हतं. तो संध्याकाळी नव्हे, भरदुपारीच कधीतरी गेला होता, आणि डिझेल संपेपर्यंत ते आपलं आपण जागच्या जागी चालत राहिलं होतं.

खाली आलो तर काकी दारात. "काय झालेला मशिनीक?" मला थाप मारता आली असती, सुचलीच नाही. "टाकी सुकी होती, काकी." ती हळूहळू भिंतीला टेकली. "म्हणजे मी आयकत होतंय... तेव्हा..."

आठवड्याने तिने मला बोलावून घेतलं. वर इंजिन चालू होतं, नवा पोरगा काम करत होता. "झिला, तेका सांग, रोज दुपारी एकदा बंद कर. बंद कर आणि परत चालू कर. आपसूक चालू होणा नाय मा ता? मानूस लागता."

आता रोज दुपारी डोंगर गप्प होतो. म्हातारं मशीन लगेच उठत नाही, दोनदा-तीनदा कण्हतं. तोवर काकी विळीवरचा हात थांबवून बसते. काल मी तिच्या शेजारी होतो. एकदाचं ते धडाडलं.

"आसा," ती म्हणाली, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मुलासाठी देवाला हात जोडून तिने पुढचा मासा उचलला.